सबसिडी मिळाली, पण ड्रायर चालला तो खेळत्या भांडवलावर

माझा कांदा-टोमॅटो सुकवायचा सोलर ड्रायर बघायला येणाऱ्या प्रत्येक ताईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सबसिडी किती मिळाली? उत्तर सोपंय, प्रोजेक्टच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, तो नियमच आहे. पण दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, की मशीन आल्यावर माल घ्यायला पैसे कुठून आणले. खरं तर सगळा धंदा त्या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे. म्हणून सगळंच सविस्तर लिहिते, ज्या कुणी या वर्षी अर्ज करायच्या विचारात असतील त्यांच्या उपयोगी पडेल.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, आळेफाट्यापासून जवळ. एका बाजूला आळेफाट्याचं कांदा मार्केट, दुसऱ्या बाजूला नारायणगावचं टोमॅटो मार्केट, त्यामुळे भाव पडला की काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. वीस किलोचं कॅरेट शंभर रुपयांच्या खाली आलं की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा निघत नाही, लोक उभ्या प्लॉटमध्ये मेंढरं सोडतात. आमच्या घरातही हे झालंय. त्यामुळे माल सुकवून ठेवता आला तर, हा विचार डोक्यात खूप दिवस होता, आणि उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) ट्रेनिंगमध्ये सोलर ड्रायर प्रत्यक्ष चालताना बघितला तेव्हा ठरवलंच. लाईट लागत नाही, डिझेल नाही, जळण नाही, पॉलीकार्बोनेटच्या शीटखाली ऊन अडवायचं आणि दमट हवा फॅनने बाहेर काढायची, फॅनसुद्धा छोट्या पॅनलवर. एप्रिलच्या दुपारी आत साठच्या आसपास टेंपरेचर जातं. जो माल रस्त्यावर फेकला जातो त्याला वर्षभराचं आयुष्य मिळतं आणि वातावरणाला काही त्रास नाही, मला हे मनापासून पटलं होतं आणि आजही पटतंय.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर अर्ज केला. योजनेचं नाव लांबलचक आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, सगळे पीएमएफएमई म्हणतात. २०२० साली सुरू झाली, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के पैसे देतं, आपल्याकडे कृषी विभाग बघतो. सुरुवातीला एक जिल्हा एक उत्पादन यावर जोर होता, नंतर बाकीच्या पदार्थांनाही घ्यायला लागले. यात जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून एकजण नेमलेले असतात, सगळे त्यांना डीआरपी म्हणतात. ते अर्ज भरून देतात, प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतात, आणि त्याचं मानधन त्यांना सरकारकडून कर्ज मंजूर झाल्यावर मिळतं, आपल्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो. हे मुद्दाम सांगते कारण रिपोर्टचे पाच-दहा हजार मागणारे लोक फिरत असतात, त्यांना काही देऊ नका. आमच्या डीआरपी सरांनी व्यवस्थित काम केलं, माझ्यासमोर बसून एकेक आकडा भरला, आणि वर्षाचं कामाचं कॅलेंडर काढायला लावलं, कुठल्या महिन्यात कुठला माल, किती दिवस ऊन. ते कॅलेंडर आजही भिंतीवर आहे.

कागद म्हणाल तर आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मशीनची कोटेशन, लाईट बिल, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, ही ऑनलाईन फुकट होते, एजंटची गरज नाही), आणि जागेचा पुरावा. बाकी सगळं पटापट झालं, अडलं ते जागेवर. जमीन सासऱ्यांच्या नावावर. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, यांचंही नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा स्वतःच्या जमिनीवर बायकोचं नाव लावू शकतो, पण इथे जमीन मुळात सासऱ्यांची. म्हणजे वीस वर्षं ज्या रानात खुरपलं त्या रानात माझा धंदा दाखवायचा तर मला भाडेकरूच व्हावं लागणार होतं. शेवटी मामंजींनी मला जागा भाड्याने दिली असा करार केला, बँकेला कर्जाची मुदत झाकेल एवढ्या वर्षांचा आणि रजिस्टर केलेला करार लागतो, साध्या स्टॅम्पवर लिहिलेला चालत नाही. मामंजींना रजिस्ट्रार ऑफिसमध्ये अंगठा लावायला यायचं जिवावर आलेलं, पण आले. घरी आल्यावर म्हणाले, "आता भाडं दे म्हंजी झालं," आणि सगळे हसलो. ज्यांची जमीन सासऱ्यांच्या नावावर किंवा दिरांसोबत सामायिक असेल त्यांनी अर्जाच्या आधी हे काम उरकून घ्या, सामायिक असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि भाऊबंदकीत एक सही महिनोन्महिने अडकते.

अर्ज जिल्हा समितीकडून मंजूर होऊन बँकेत गेला आणि तिथे थांबला. बँकेचं नाव घेत नाही, पण जे बोलणं झालं ते सांगते. साहेबांनी विचारलं, "ताई, तारण काय देणार?" मी म्हणलं साहेब, १० लाखांपर्यंत लघुउद्योगाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना. (तेव्हाची मर्यादा तीच होती.) ते म्हणाले नियम आहे पण वसुली आम्हाला करावी लागते. मग डीआरपी सरांनी सांगितल्याप्रमाणे मी सीजीटीएमएसईचं बोलले, म्हणजे सरकारी हमी ट्रस्ट, कर्ज बुडालं तर बँकेला बराचसा भाग ट्रस्ट भरून देतो, त्याची वर्षाला थोडी फी आपल्याला पडते. मी फी भरायला तयार होते. तरी फाईल तशीच. मग साहेबांची बदली झाली आणि नवीन मॅडम आल्या, त्यांनी मात्र स्वतः घरी येऊन जागा बघितली, आमच्या बचत गटाचं रजिस्टर बघितलं, गटाने आधीची दोन्ही बँक कर्जं एकही हप्ता न चुकवता फेडलेली, माझा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला, आणि कर्ज मंजूर केलं. माझं ठाम मत आहे की माझं कर्ज मंजूर झालं ते गटाच्या त्या रजिस्टरमुळे. दर आठवड्याची मीटिंग, बचत, परतफेड, हे गटात आम्हाला कंटाळवाणं वाटायचं, पण ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिच्याकडे बँकेला दाखवायला तेवढा एकच कागद असतो.

आता आकडे. प्रोजेक्ट साडेआठ लाखांचा. त्यात मोठा टनेल ड्रायर, एका वेळी साधारण पाचशे किलो ओला माल बसेल एवढा, ट्रे, कांदा कापायचं स्लायसर, पल्व्हरायझर (पावडर करायचं मशीन), सीलिंग मशीन, मॉइश्चर मीटर आणि थोडं शेडचं काम. दहा टक्के म्हणजे ८५ हजार मी घातले, त्यातले थोडे गटातून अंतर्गत कर्ज घेतलेले. बाकी ७ लाख ६५ हजार बँकेचं. सबसिडी ३५ टक्के म्हणजे २ लाख ९७ हजार ५००. पण ही सबसिडी हातात येत नाही हे नीट समजून घ्या. ती बँकेत वेगळ्या खात्यात जमा होते, तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि तीन वर्षं कर्ज नियमित असेल, युनिट चालू असेल, तरच ती कर्जात वळती होते. हप्ते थकवून खातं एनपीए, म्हणजे बुडीत झालं की सबसिडी विसरायची. सबसिडी जमा होईपर्यंतचं व्याज पूर्ण रकमेवर बसतं. कृषी पायाभूत सुविधा निधीतून व्याजात ३ टक्के सूट मिळते, ती याच कर्जाला जोडून घेता येते, पण त्यासाठी वेगळ्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो, ते बँकेत आपणहून कुणी सांगत नाही, आपणच विचारायचं.

ड्रायर उभा राहिला २०२३ च्या मार्च महिन्यात. त्या वेळी कांद्याचे इतके हाल होते की सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं. माल भरपूर, स्वस्त, ऊन कडक. काम सुरू झालं. गल्लीतल्या चौघीजणी सकाळी सातला यायच्या, कांदा सोलायचा, शेंडे-बुडखे काढायचे, धुवायचा, स्लायसरमधून चकत्या करायच्या आणि उन्हं चढायच्या आत ट्रेवर पातळ पसरायच्या. जाड थर दिला की खालचा भाग आंबतो. दर दोन-तीन तासांनी हाताने हलवायचं, आत गेलं की डोळ्यांतून पाणी आणि घामाने अंग भिजलेलं. दीड-दोन दिवसांनी चकती बोटात धरून मोडायची, कट्टकन तुटली तर झाली, वाकली तर परत आत. मीटर आहे पण आमच्या कमलमावशींचं बोट मीटरच्या आधी सांगतं. आणि वाळलेला कांदा एक मिनिट उघडा ठेवायचा नाही, हवेतला ओलावा लगेच ओढून घेतो, म्हणून भर दुपारीच पॅक करायचा, संध्याकाळी नाही. नऊ-दहा किलो ओल्या कांद्याचा एक किलो सुका निघतो. सालं-बुडखे सगळे कंपोस्टच्या खड्ड्यात. कांद्याच्या ट्रेमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही, वास जात नाही, टोमॅटोचे ट्रे पहिल्यापासून वेगळे.

इथपर्यंत सगळं छान चाललेलं, आणि मेच्या मध्यावर पैसे संपले.

का संपले ते सांगते, कारण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. शेतकऱ्याला कांद्याचे पैसे रोख द्यायचे, तो भाऊबंदच असतो, त्याला उधारी सांगता येत नाही. बायकांची मजुरी दर आठवड्याला. पॅकिंगच्या पिशव्या रोखीने. आणि घेणारी कंपनी म्हणते माल पोचल्यावर साठ दिवसांनी पेमेंट, त्याआधी लॅब रिपोर्ट पाहिजे, तो आला की मग बिल. आणि कांद्याचा सीझन अडीच महिन्यांचा, उन्हाळा संपला की संपला, म्हणजे वर्षभर विकायचा माल अडीच महिन्यांत घेऊन सुकवून ठेवायचा. एका सीझनला दोन-सव्वादोन लाख रुपये मालात अडकतात. कर्जातला सगळा पैसा मशीन सप्लायरच्या खात्यात गेलेला, आपल्या हातात काही येत नाही, आणि सबसिडी खेळत्या भांडवलावर मिळत नाही. बाहेर भाव पाच रुपये, ड्रायर तापलेला, आणि माल घ्यायला पैसे नाहीत म्हणून ड्रायर अर्धा रिकामा. मला त्या दिवसांत रात्र रात्र झोप नव्हती, कारण हप्त्याला दिलेली सहा महिन्यांची सवलत संपली की सोळा हजारांच्या पुढचा हप्ता सुरू होणार होता.

बँकेत परत गेले, कॅश क्रेडिट (सीसी) मागायला, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसे काढायचे आणि भरायचे पैसे. मॅडम म्हणाल्या एक वर्षाची उलाढाल दाखवा मग बघू. इथे मला एका सीए ताईंनी जे सांगितलं ते सगळ्यांनी लिहून ठेवा. लघुउद्योगाला खेळतं भांडवल द्यायचा हिशोब रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने घालून दिलेला आहे, वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं २० टक्के बँकेने द्यायचं आणि ५ टक्के आपण घालायचं. लक्षात घ्या, अंदाजित उलाढाल, मागच्या वर्षाची नाही. माझ्या रिपोर्टमध्ये दहा लाखांची उलाढाल धरलेली, म्हणजे दोन लाखांची सीसी बसत होती. मी तसं लेखी अर्जात मांडलं, सोबत कंपनीची खरेदीची ऑर्डर जोडली. मंजूर झाली, पण तोपर्यंत पाऊस लागलेला. म्हणून सांगते, मशीनच्या कर्जाच्या (टर्म लोनच्या) अर्जासोबतच सीसीचा अर्ज द्या, एकाच फाईलमध्ये. नंतर मागायला गेलं की सीझन हातचा जातो.

त्या उन्हाळ्यात वाचवलं ते गटाने. याच योजनेत बचत गटांसाठी बीज भांडवल आहे, अन्न प्रक्रियेचं काम करणाऱ्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत, ते खेळत्या भांडवलाला आणि छोट्या अवजारांना वापरायचं, गटांच्या संघामार्फत येतं आणि सदस्याने गटाला परत फेडायचं असतं. आमच्या गटात पाचजणी पापड, कुरडया, मसाले करायच्या, त्यांचं बीज भांडवल नेमकं तेव्हाच आलं. आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "आपण कांदा आमच्या नावावर घेऊ, तू फक्त सुकवून दे." आणि तिथून धंद्याची पद्धतच बदलली. माल त्यांचा, कापणी त्यांची, माझा फक्त ड्रायर, ओल्या किलोमागे चार रुपये सुकवणी. मला रोजचे पैसे रोज दिसायला लागले, भांडवल माझं अडकेना, आणि त्यांना स्वतःच्या मालावर फायदा मिळायला लागला, नुसती मजुरी नाही. आता ड्रायरची निम्मी जागा मी कायम सुकवणीलाच ठेवते. आजूबाजूच्या गावांतले लोक आले, शेवगा, बीट, मेथी घेऊन येतात. हप्त्याची चिंता खऱ्या अर्थाने मिटली ती यामुळे, कारण नुसत्या कांद्याच्या चकत्या विकून हप्ता निघत नाही हे पहिल्या वर्षाच्या हिशोबात स्पष्ट दिसतं, पावडर करून किरकोळ विकली तर बरे पैसे राहतात.

टोमॅटोचं थोडक्यात सांगते. आमच्याकडचा मोठा सीझन जुलैपासून, म्हणजे नेमका ऊन नसताना. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी, सोळा-सतरा किलोचा एक किलो होतो. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावात कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा ड्रायरचा विचारसुद्धा करायचा नाही, विकायचा आणि मोकळं व्हायचं. किलोला सात-आठ रुपयांच्या खाली आलं की सुकवणं परवडतं, ते बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा ऊनही असतं. पावसाळ्यात हीटर लावून सुकवायचा सल्ला खूपजण देतात, पण लाईटबिलात सगळं जातं आणि मग सोलर कशाला घेतला, म्हणून पावसाळ्यात आम्ही दळण, पॅकिंग आणि विक्री एवढंच करतो. आणि आमच्याकडे बिबट्याचा त्रास आहे, उसात असतो, त्यामुळे कितीही काम असो बायका दिवस मावळायच्या आत घरी गेल्या पाहिजेत हा नियम. कामाचे तास धरताना कुठल्याच रिपोर्टमध्ये बिबट्या नसतो, पण आमच्या हिशोबात तो धरावाच लागतो.

पेमेंटचं मात्र आता सुरळीत झालंय. उद्यम नंबर बिलावर छापायला सुरुवात केली. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या नियमामुळे (तेव्हाचं ४३बी(एच) कलम) वेळेत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. भांडायला गेले नाही, फक्त बिलावर खाली या नियमाची एक ओळ टाकली. अकाउंट्सवाल्यांनी स्वतः फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागून घेतलं आणि साठचे पंचेचाळीस झाले. पंधरा दिवस ऐकायला कमी वाटतात, पण सीझनमध्ये पंधरा दिवस म्हणजे जवळजवळ चार टन कांदा. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी लागतो, तोही काढून ठेवला.

एक गोष्ट मनाला लागते ती पण लिहिते. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या काळात मला कच्चा माल स्वस्त मिळाला, आणि तो ज्यांच्याकडून घेतला त्यात माझे चुलत दीर होते, माझं स्वतःचं घर होतं. शेजाऱ्याच्या नुकसानीवर आपला फायदा, हे मला सहन होईना. मग गटात बसून ठरवलं की मार्केटला काही असो, आपण किलोला आठ रुपयांच्या खाली कांदा घ्यायचा नाही, आणि भाव वीसच्या वर गेला तर आपण घेणंच थांबवायचं, सुकवणीवर राहायचं. आठ रुपयांत आम्हाला परवडतं, कष्टाने पण परवडतं. काहीजणी म्हणाल्या धंद्यात असं चालत नाही. माझं म्हणणं असं की पुढच्या वर्षी याच लोकांनी आपल्याला निवडलेला, डागी नसलेला माल आणून द्यायचाय, आणि ते देतात, दारात आणून देतात, गाडीभाडं वाचतं.

पुढच्या वर्षी सबसिडीची तीन वर्षं भरतील आणि ती रक्कम कर्जात वळती होईल, तोपर्यंत एकही हप्ता चुकू द्यायचा नाही. सीसी दरवर्षी रिन्यू करावी लागते, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला द्यावं लागतं, ते आता माझी मुलगी मोबाईलवर भरते. गटाचं बीज भांडवल परत येऊन दुसऱ्या फेरीत वेगळ्या तिघींना गेलंय, त्यातली एक या फेब्रुवारीपासून कसुरी मेथी करणार आहे आणि तिने ड्रायरमधला मागचा अर्धा भाग आत्ताच सांगून ठेवलाय.